मागच्या बाकावरचा मेहुणा

देवपूर, धुळे
१२ जानेवारी १९९२

चि. चुडामण,

तू पिंप्राळ्याला छगनच्या खोलीवर उतरला आहेस आणि लखीचंदशेठच्या कापडदुकानात लागलास, असं मायनं कळवलं. लागलास तर टीक. मी ह्या वेळी तुझ्या नोकरीबद्दल काही बोलणार नाही. माझं काम वेगळं आहे.

तुझे दाजी गेल्या सोमवारपासून जळगावला आहेत. विद्यापीठानं तिथल्या एका कॉलेजात प्राध्यापकांसाठी महिन्याभराचा उद्बोधन वर्ग काढला आहे. तो केल्याशिवाय वरिष्ठ श्रेणी मिळत नाही. ह्यांच्या मागून लागलेले दोघं तो करून आले, हे मात्र दर वर्षी काहीतरी कारण काढायचे. ह्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की आता जावंच लागेल. तिथं भाषणं ऐकायची असतात, पण त्यातच एक पाठ घेऊन दाखवावा लागतो. सगळ्यांसमोर उभं राहून शिकवायचं आणि बाकीचे प्राध्यापक बघून गुण देतात. त्या पाठाची ह्यांनी धास्ती घेतली आहे. बारा वर्षं शिकवणाऱ्या माणसानं शिकवून दाखवायला का घाबरावं, ते मला कळत नाही.

जाताना बसमध्ये बसल्यावर खिडकीतून मला म्हणाले, "नाही जमलं तर मी राजीनामा देईन. भाईदासकाकांच्या कापसाच्या जिनात लिहायचं काम करीन अमळनेरला." बस सुटली. मी तिथंच उभी. आता पोस्टकार्ड येतं त्यात फक्त 'मी खुशाल' एवढंच असतं.

तू जाऊन बघ. काय खातात, झोपतात का, आणि त्या पाठाचं काय चाललंय. गावात आधीच बोलतात की अभिमनरावांना शिकवता येत नाही म्हणून सरकारनं परत शाळेत बसवलं. आपल्या आबांना ते लागतं.

तुझी,
यशोदाअक्का


पिंप्राळा, जळगाव
१७ जानेवारी १९९२

अक्का,

पत्राच्या डोक्यावर जे लिहितात ते माझं नेहमी उलटसुलट होतं, म्हणून नुसता नमस्कार घे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो होतो. पण संक्रांत होती आणि वाटेत मैदानात पतंगांची अशी काटाकाटी चाललेली की एका पोराची फिरकी धरायला मी जरा थांबलो. मग त्याचा पतंग कटला, तो शोधत आम्ही रेल्वे लाइनीपर्यंत गेलो. तिथं एक माणूस अस्वल घेऊन बसला होता. अस्वलाला सर्दी झाली होती. असो. दुसऱ्या दिवशी मात्र गेलो.

दाजी बरे आहेत. जरा उतरलेत. एका खोलीत तिघं आहेत. त्यात एक रतिलालसर म्हणून आहेत, केमिस्ट्रीचे, टक्कल आणि जाड मिशा, भारी विनोदी. मी गेलो तेव्हा ते दोरीवर बनियन वाळत घालताना खानावळवाल्याची नक्कल करत होते. दाजी हसत नव्हते.

अक्का, तिथला प्रकार माझ्या डोक्यात काही बसला नाही. पन्नाशीचे लोक, चष्मेवाले, आणि घंटा झाली की पळत वर्गात जातात. उशीर झाला तर बाहेर उभे राहतात. मी दाजींना विचारलं, इथं काय शिकवतात? ते म्हणाले, शिकवायला शिकवतात. मी म्हटलं, मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता? मी सहज विचारलं होतं, पण ते चहाचा कप उगाच धुवायला लागले. धुतलेला होता तो.

पुण्याहून एक मॅडम आल्यात, त्यांनी सांगितलंय म्हणे की शिक्षकानं वर्गाकडे बघून बोलावं. आता ह्यात शिकण्यासारखं काय आहे? पण मग मला आठवलं. मी धुळ्याला पहिल्या वर्षाला तुझ्याकडे होतो, तेव्हा दाजींच्या अर्थशास्त्राच्या तासाला बसायचो. मला त्यांची पाठच आठवते. शर्टावर मधोमध घामाचा डाग, आणि खडू. आत आले की फळ्याकडे वळायचे, वरून खालपर्यंत लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. आम्ही उतरवून घ्यायचो. अक्षर एकदम छापल्यासारखं. मी दिवाळीनंतर जायचं बंद केलं. ते त्यांना तू सांगितलंस तेव्हा कळलं, आठवतं का? होळी आली होती तोवर.

घरी तर ते चांगले बोलतात ना? मग हे काय आहे? मला काही कळेना. पुढच्या गुरुवारी त्यांचा पाठ आहे.

लखीचंदशेठच्या दुकानात मी आता नाही. भांडण वगैरे काही नाही. दिवसभर गादीवर बसून पायाला मुंग्या येतात.

तुझा,
चुडामण


धुळे
२० जानेवारी १९९२

चि. चुडामण,

अस्वलाला सर्दी झाली ते समजलं. नवऱ्याचं मात्र अर्धंमुर्धंच समजलं.

घरी बोलतात का म्हणून विचारतोस? अरे, मागच्या दिवाळीत मायला त्यांनी तासभर सांगितलं की कापूस चांगला पिकला की भाव का पडतो. माय लाटणं हातात धरून ऐकत बसली आणि पोळी जळाली. पण ते आपल्या बोलीत. पँट घालून कॉलेजच्या रस्त्याला लागले की दुसराच माणूस होतो. मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं, की तुमच्या वर्गात मी येऊन बसू का मागे. त्यावर दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून मी तो विषय काढला नाही.

गुरुवारी सकाळच्या बसनं डबा पाठवते आहे, तिळाचे लाडू आणि कळण्याच्या पुऱ्या. कंडक्टर ओळखीचे आहेत. तू स्टँडवर जाऊन घे आणि पाठाच्या आधी त्यांच्या हातात दे. पोटात काही असलं की माणूस उभा राहतो. आणि हे बघ, वाटेत पतंग, अस्वल काहीही आलं तरी थांबू नकोस. एवढं एकच काम कर.

कसं झालं ते लगेच कळव.

यशोदाअक्का


भुसावळ
२६ जानेवारी १९९२

अक्का,

डबा पोचवला.

मी आता भुसावळला आलो आहे. इथं स्टेशनात केळीच्या वॅगनी भरतात, त्या कामावर आहे. काम बरं आहे. घड उचलून द्यायचे आणि आत मांडणारा मांडतो. तो म्हणतो की घड कसा ठेवायचा ह्याची पद्धत असते, पण मला अजून उचलायलाच ठेवलंय. आज झेंडावंदनाला रेल्वेचा बँड होता. ढोलवाल्याचा पट्टा सुटला तरी तो एका गुडघ्यावर ढोल तोलून वाजवत राहिला. मी बराच वेळ बघत होतो.

दाजींचा पाठ झाला. म्हणजे झाला का नाही, ते मला नक्की सांगता येत नाही. त्या मॅडमलाच विचारायला पाहिजे. दाजी जर ठरल्याच्या आधी घरी आले तर तू घाबरू नकोस आणि मी कुठं आहे ते त्यांना सांगू नकोस.

पुऱ्या चांगल्या झाल्या असणार. वास येत होता.

चुडामण


धुळे
२९ जानेवारी १९९२

चुडामण,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. ढोल समजला, दाजी समजले नाहीत.

तू म्हणतोस तसे हे आधी काही आले नाहीत. पोस्टकार्डही नाही. ह्याचा मला एकच अर्थ लागतो. पाठ फसला आणि तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तिथंच कुठंतरी बसले आहेत. मी काल अमळनेरला जाऊन आले. भाईदासकाकांशी बोलले. ते म्हणाले, पोरी, मार्चपासून जागा आहे, अभिमनला ये म्हणावं, घरचाच माणूस आहे. वर म्हणाले, एवढा शिकलेला माणूस गाठी मोजायला बसणार, मला कसंतरी वाटेल. मला काय वाटलं असेल, ते त्यांनी विचारलं नाही.

आता तू नीट सांग, काय झालं? लपवलंस तर भुसावळला येईन आणि तुझ्या त्या वॅगनसमोर उभी राहीन.

यशोदा


भुसावळ
१ फेब्रुवारी १९९२

अक्का,

सांगतो. काकांकडे तू इतक्या लवकर जायला नको होतंस, पण तुझी तरी काय चूक?

गुरुवारी मी कुठंही थांबलो नाही, शपथ. बस आली, डबा घेतला, सरळ कॉलेजात. दाजी खोलीवर नव्हते. शिपाई म्हणाला, वरच्या हॉलमध्ये पाठ सुरू आहेत. वर गेलो. खिडकीतून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

दाजी फळ्याकडे तोंड करून उभे, एक आडवी, एक उभी आणि एक तिरपी रेघ काढून तिच्या बाजूला बारीक अक्षरात लिहीत होते. आणि मागे बाकांवर ते सगळे प्रोफेसर काय करत होते, तुला खरं वाटणार नाही. एक पन्नाशीचा माणूस कंगव्यानं भांग पाडत होता. दुसरा वहीच्या कागदाचं विमान करत होता. तो रतिलाल, ज्याला मी चांगला माणूस समजलो होतो, तोंडावर हात धरून कोंबड्यासारखा आवाज काढत होता. एकानं विचारलं, सर, पाणी प्यायला जाऊ का? बाजूला दोघं तक्त्यावर काहीतरी लिहीत बसलेले आणि त्या पुण्याच्या मॅडम घंटेवर हात ठेवून शांत बघत होत्या. कोणी त्यांना थांबवेना. दाजींच्या शर्टावर तोच घामाचा डाग. मला वाटलं, खेड्यातला माणूस बघून त्याला घेरलंय.

मी आत घुसलो. डबा टेबलावर आपटला, रतिलालचा हात धरला आणि म्हणालो की वयाची काही लाज आहे का तुम्हाला, हा माझ्या बहिणीचा नवरा आहे.

आणि दाजी वळले. अक्का, मी त्यांना वर्गाकडे तोंड केलेलं पहिल्यांदा बघितलं, आणि मी तिथं कशाला आलो हेच ते विचारत होते.

"चुडामण, तू कसाले उना आठे? सोड त्यासना हात. ह्या बठ्ठा प्रोफेसर शेतस."

मी म्हटलं, प्रोफेसर शेतस ते मंग आसं कसाले करतस?

"त्यासले तसं करानं सांगेल शे. पाठ शे हाऊ. खाले बस."

म्हणजे ते सोंग होतं. पाठ घेताना बाकीच्यांनी पोरं व्हायचं असतं, आणि पोरांसारखा दंगा करायचा असतो, म्हणजे शिक्षक वर्ग कसा आवरतो ते दिसतं. अशी ती पद्धतच आहे. हे मला कोणी आधी सांगितलं होतं का?

मी मागच्या बाकावर बसलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काहीतरी बोलावं म्हणून मी फळ्याकडे बोट केलं आणि विचारलं की ती रेघ खाली का येते. फळ्यावर लिहिलं होतं की भाव वाढला की मागणी घटते. पण भाव वाढतो तर रेघ वर जायला पाहिजे ना? मला खरंच कळत नव्हतं.

मग दाजी सांगायला लागले, आपल्या बोलीत, मलाच. म्हणाले, तू त्या रेघेच्या वरच्या टोकाला उभा राहा. तिथं भरताचं वांगं महाग आहे, म्हणून तुझ्या थैलीत दोनच. आता रेघेवरून खाली उतरत ये. स्वस्त होत गेलं, थैली भरत गेली. पार खाली आलास की टोपलं भरून नेतोस आणि शेतावर सगळ्या गल्लीला भरीत जेवायला बोलावतोस. बोलताना ते बाकांमधून चालत माझ्यापर्यंत आले. रस्त्यात रतिलालच्या बाकावर खडूनंच थैली काढली. मला थोडं थोडं समजायला लागलं होतं, तेवढ्यात घंटा झाली.

त्यानंतर मॅडमनी विचारलं, हे गृहस्थ कोण? दाजी म्हणाले, माझे मेहुणे. कोणीतरी हसलं. मॅडम गुणांचा तक्ता हातात घेऊन म्हणाल्या की हा पाठ धरता येणार नाही, बाहेरचा माणूस वर्गात होता, आणि भाषेचंही आहेच. परत घ्यावा लागेल.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं का कसं, ते मला सांगता येणार नाही. मी उठलो आणि जिना उतरलो, स्टेशनवर गेलो, जी गाडी उभी होती तीत बसलो. ती भुसावळची निघाली.

मी त्यांचा पाठ मोडला, अक्का. नोकरी गेली तर ती माझ्यामुळं.

चुडामण


जळगाव
२ फेब्रुवारी १९९२

प्रिय चुडामण,

छगनकडून तुझा पत्ता मिळाला. तू त्या दिवशी पळालास, तेव्हा मी जिन्यापर्यंत तुझ्यामागे आलो होतो. तुझा वेग जास्त आहे.

मी रागावलो आहे की नाही, हे मलाही नीट सांगता येत नाही. म्हणूनच तुझ्या बहिणीला पत्र लिहिलेलं नाही. काय लिहू? पाठ झाला नाही असं लिहिलं तर खोटं, झाला असं लिहिलं तरी खोटं.

तुला एक गोष्ट सांगतो, जी तिला सांगितलेली नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी पहिल्याच तासाला बोलता बोलता 'आहे'च्या जागी माझ्या तोंडून आपल्या बोलीतलं 'शे' गेलं. समोर बसलेली पोरंही शिरपूर-साक्रीकडचीच, घरी तेच बोलणारी. पण त्यांनी बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी आत गेलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरात 'शे सर' लिहिलेलं. ते पुसायला मी फळ्याकडे वळलो आणि वळलेलाच राहिलो. लिहिताना चूक होत नाही. हात शहाणा आहे, जीभ नाही. पोरं उतरवून घेतात, पास होतात, कोणाची तक्रार नाही. बारा वर्षं असंच चाललं.

पाठ संपल्यावर मॅडमनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, झापतील. त्या म्हणाल्या, "सर, पहिल्या चार मिनिटांसाठी मी तुम्हाला नापास केलं असतं. पुढच्या दोन मिनिटांचं काय करायचं, ते माझ्या तक्त्यात नाही." आणि बुधवारी साडेअकराला परत पाठ घ्यायला सांगितलं. मी विचारलं की बोलीचं काय. त्या म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा, मी पुण्याची आहे. आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा? वापरू नका असा, की वापरा असा? रतिलालसर म्हणतात वापरा. खोलीतले तिसरे म्हणतात, श्रेणी हवी असेल तर गप प्रमाण भाषेत बोला. मी दोघांचंही ऐकतो आणि आणखी गोंधळतो.

काल रिकाम्या हॉलमध्ये उभा राहून बघितलं. वळता येतं, पण समोर कोणी नसलं की शब्द फुटत नाही. आणि समोर ते सगळे असले की मला माहीत असतं, ह्यांना हे येतं, हे न समजल्याचं सोंग करतायत. सोंगाला काय समजावणार?

तुला खरोखरच समजत नव्हतं, चुडामण. बारा वर्षांत मला तसं तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं.

तू बुधवारी ये. मी मॅडमची परवानगी घेतली आहे. मागच्या बाकावर बस, एवढंच. तू आलास तर मी उभा राहीन. हे जमलं नाही तर मी धुळ्याला राजीनामा घेऊनच जाणार आहे.

तुझा,
अभिमन


पिंप्राळा, जळगाव
६ फेब्रुवारी १९९२

अक्का,

सोबत दाजींचं पत्र पाठवतो. आधी ते वाच, मग हे. त्यांनी तुला सांगितलं नव्हतं, पण पाठवू का म्हणून विचारलं तर म्हणाले, पाठव.

ते पत्र माझ्या हातात बुधवारी सकाळीच पडलं, कारण दोन दिवस मी केळीच्या ट्रकबरोबर रावेरकडे होतो. वाचलं आणि तसाच धावत पॅसेंजर पकडली. जळगावला वेळेत उतरलो, अगदी वेळेत. आता पुढचं तू रागावशील.

गाडीत एक म्हातारी होती, तानुबाई म्हणून, भरताच्या वांग्यांचं टोपलं घेऊन बाजाराला निघालेली. टोपलं उतरवायला हात दिला. बाजारापर्यंत पोचवलं. कॉलेज त्याच अंगाला, म्हटलं काय बिघडतं. तिनं टोपलं मांडलं, भाव सांगितला. बाया आल्या, घासाघीस करून पिशव्या भरायला लागल्या. मग शेजारच्यांची वांगी संपली तशी तिनं भाव चढवला. आणि माझ्या मनात आलं, आता बघू, खरंच कमी घेतात का. अक्का, खरंच कमी घेतली. एकीनं चार उचललेली, दोन परत ठेवली. मला इतकी गंमत वाटली की मी तिथंच बसलो. तानुबाई म्हणाली, तुला काही घ्यायचं आहे का पोरा, का नुसताच बघतोस? तेव्हा भान आलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले, घरी व्याही आले म्हणून, त्यांनी महाग तर महाग, सगळी उरलेली घेतली. हे मात्र रेघेत कसं बसतं, ते मला कळेना. त्याचा विचार करत पळालो.

पोचलो तेव्हा हॉलचं दार बंद होतं. पाठ सुरू झालेला.

मी दाराला हात लावला आणि काढला. मागच्या वेळी आत शिरलो तर काय झालं ते माहीत होतं. आत्ता शिरावं की नाही? ते म्हणाले होते तू आलास तर उभा राहीन, आणि ते तर उभे होते. खिडकीच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मागचा बाक रिकामा होता. दाजी बोलता बोलता सारखे त्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. आवाज बारीक होता, पण तोंड इकडे होतं. वांगी, थैली, सगळं तेच, फक्त शुद्ध भाषेत, जरा अवघडून. समोर दंगा चालला होताच, विमान वगैरे.

मग ते म्हणाले, "इथं वरच्या टोकाला भाव जास्त शे."

एक जण हसला. सोंग म्हणून हसला का खरा हसला, बाहेरून कळत नव्हतं. आत दाजींनाही कळलं नसणार. ते थांबले. चेहरा लाल झाला. खडू उचलला आणि फळ्याकडे वळले.

अक्का, मी दाराची कडी धरली. मला वाटलं, गेलं सगळं. मी वेळेत आलो असतो तर. पाठ दिसत होती, आणि तो डाग.

त्यांनी रेघेच्या वरच्या टोकाला एक ठिपका काढला, खालच्या टोकाला एक काढला. आणि परत वळले. हसणाऱ्याकडे बघून म्हणाले, "समजलं का?"

रतिलालसर उठले. "सर, सोंग सोडून सांगतो. मी केमिस्ट्रीचा माणूस. मागच्या वेळी तुमच्या मेहुण्याला समजलं म्हणून मला समजलं असं वाटलं होतं. मला नाही समजलेलं."

सगळे हसले, पण वेगळं. दाजीही जरासे हसले आणि म्हणाले, बरं, मग वांग्यांपासून परत. आणि त्यांनी परत सुरू केलं. अर्धं शुद्ध, अर्धं आपलं, शे पण आलं, दोनदा तरी आलं. विमान करणारा कागद खाली ठेवून ऐकायला लागला. मॅडमनी घंटा वाजवली, पण थांबा म्हणून हात वर केला नाही, आणि दाजीही थांबले नाहीत.

मॅडमनी तक्त्यात काय लिहिलं ते कोणालाच माहीत नाही. दाजींनाही नाही. निकाल टपालानं प्राचार्यांकडे येणार. श्रेणी मिळेल का, मला सांगता येत नाही, म्हणून तू मला विचारू नकोस.

बाहेर आले तेव्हा मी पायरीवर बसलो होतो.

"तू कव्हय उना?"

कधी आलो ते मी खरं सांगितलं. वांग्यांचंसुद्धा. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते माझ्या शेजारी बसले. शर्टभर खडू होता, पुढच्या बाजूनंही. म्हणाले की मला मागचा बाक रिकामा दिसत होता, तरी बोललो. मग विचारलं, बाहेरून ऐकलं ना, समजनं का?

मी म्हटलं, नही समजनं. रेघ खाली का येते ते कळलं. पण व्याही आले म्हणून त्या माणसानं महाग वांगीसुद्धा सगळी नेली, ती कुठल्या रेघेत?

दाजींनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि पायरीवरच दुसरी रेघ ओढली, जवळजवळ उभी. सांगत बसले. मला निम्मं कळलं. मधेच मी जिन्यावरून जाणाऱ्या बायकांकडे बघायला लागलो, तर त्यांना लगेच दिसलं आणि थांबले. आधी असं होत नसे.

शनिवारी वर्ग संपतो, रविवारच्या बसनं ते धुळ्याला येतील. डबा रिकामा करून ठेवलाय, लाडू रतिलालसरांनी जास्त खाल्ले. भाईदासकाकांना काय कळवायचं ते दाजींना विचारलं. ते पायरीवरची रेघ पुरी करत होते. पण जूनमध्ये कॉलेज उघडलं की माझं नाव परत पहिल्या वर्षाला घालणार आहेत म्हणे. मी म्हटलं, दाजी, माझं काही खरं नाही, दिवाळीपर्यंत टिकेन की नाही कोण जाणे.

ते म्हणाले, "नको टिकूस. पण ह्या वेळी गेलास तर मला त्याच दिवशी दिसेल."

तुझा,
चुडामण